देव चौकातला, देव देव्हाऱ्यातला आणि देव अंतरातला

सन २०२५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्राच्या विधानसभेत एक घोषणा झाली. सार्वजनिक गणेशोत्सव हा यापुढे राज्याचा महोत्सव मानला जाईल, असे शासनाने जाहीर केले. ज्या उत्सवास लोकमान्य टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास चौकात आणले आणि ज्याच्याकडे परकी सरकार संशयाच्या दृष्टीने पाहत असे, त्याच उत्सवास स्वराज्यातील सरकारने मानाचे पान वाढले, ही आनंदाचीच गोष्ट होय. तथापि आनंदाची वार्ता कानी आली म्हणून विचारास रजा द्यावी, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. राज्याचा गणपती झाला, मंडळाचा गणपती होताच, आणि घरचा गणपती तर पिढ्यान् पिढ्यांचा. प्रश्न उरतो तो असा की, या तिघांपुढे हात जोडून जो उभा राहतो, त्या एकट्या माणसाच्या अंतरातील उपासनेस आजच्या समाजात स्थान कोणते?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. तो आज घराघरांत, एका पंक्तीस बसून जेवणाऱ्या माणसांमध्ये उभा राहिला आहे. आम्हांस तो ठळकपणे दिसला तो बाळकुमला.

एका छपराखालचे दोन विचार

बाळकुम हे ठाणे शहराच्या उत्तर अंगास, उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले जुने गाव. कापूरबावडीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता बाळकुम नाक्यावरून पुढे जाऊन कशेळीच्या पुलाने खाडी ओलांडतो. आगरी आणि कोळी बांधवांची ही मूळ वस्ती. भाताची शेते आणि खाडीतील मासळी यांवर येथील पिढ्या पोसल्या. पुढे आसपास कारखाने आले. १९८२ मध्ये ठाण्याची महानगरपालिका झाली आणि भोवतालची गावे शहराच्या पोटात गेली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर भरली. आज गावठाणातील बैठ्या घरांवर उंच इमारतींची सावली पडते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात ‘बाळकुम नाका’ हे नावही जाऊन बसले आहे.

आम्ही क्षेत्रस्थानी राहणारे. परंतु कीर्तनसेवेच्या निमित्ताने या खाडीपट्ट्यातील गावांशी आमचा अनेक वर्षांचा ऋणानुबंध आहे. एकदा बाळकुमला कीर्तन आटोपल्यावर एक आजी आपल्या नातवास घेऊन आमच्याकडे आल्या. नातू शिकलेला, संगणकाच्या धंद्यात चांगल्या हुद्द्यावर, आणि गावठाणापासून हाकेच्या अंतरावरील मनोऱ्यात चौदाव्या मजल्यावर राहणारा. त्याने नम्रतेने नमस्कार केला आणि म्हणाला, “बुवा, माझे धर्माशी फारसे जमत नाही, पण अध्यात्म मी मानतो. रोज पहाटे वीस मिनिटे ध्यान करतो. तेवढे पुरेसे नाही का?” आजींना त्या ध्यानाचे कौतुक होते, नाही असे नव्हे. पण त्यांची चिंता निराळी होती. त्यांनी आम्हांस हळूच विचारले, “हा गणपतीत मखर बांधायला घरी येईल ना, एवढे विचारा.”

वाचकहो, आमच्या मते आजच्या धार्मिक जीवनातील सारा पेच या दोन वाक्यांत सामावलेला आहे. नातवाच्या म्हणण्यात खोट नाही आणि आजीच्या विचारण्यातही नाही. दोघांच्या मध्ये चौदा मजले आले आहेत, एवढेच.

१८९३ : एका वर्षातील दोन प्रस्थाने

हा पेच आजकालचा वाटला तरी त्याचे मूळ सव्वाशे वर्षांहून जुने आहे. १८९३ हे वर्ष या दृष्टीने फार अर्थपूर्ण होय. त्याच सुमारास पुण्यात गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले आणि मुंबईत गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीतील उत्सवही त्याच वर्षापासूनचा. घराच्या देवघरातील देव समाजास एकत्र आणण्यासाठी चौकात आला. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत उभे राहिले. त्यांच्यामागून आमचा योग आणि आमचा वेदान्त समुद्रापलीकडे गेला. पण तो तेथील माणसास मुख्यतः व्यक्तिगत साधना म्हणून आवडला. जात, गाव, कुळाचार, सणवार हे सारे इकडेच राहिले. तिकडे गेले ते आसन, प्राणायाम आणि ध्यान.

एक प्रवाह घरातून चौकाकडे गेला, दुसरा समाजातून एकांताकडे. दोन्ही प्रस्थाने थोर पुरुषांच्या हातून झाली आणि दोन्ही त्या काळाची निकड होती. पराधीन समाजास संघटनेची गरज होती. यंत्रयुगात गुदमरलेल्या पाश्चात्त्य माणसास शांतीची.

या दुसऱ्या प्रवाहाशी आमच्या ठाणे जिल्ह्याचे नाते फार जवळचे आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. बाळकुमहून खाडी ओलांडली की भिवंडी तालुका लागतो. त्याच तालुक्यात वज्रेश्वरीच्या परिसरात गणेशपुरी आहे. तेथे भगवान नित्यानंद राहिले आणि १९६१ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद १९७० पासून परदेशांत जाऊ लागले आणि गणेशपुरीच्या लहानशा गावात देशोदेशींचे साधक येऊ लागले. कसारा घाट चढून गेले की इगतपुरी. तेथे १९७६ पासून सत्यनारायण गोयंका यांनी विपश्यनेचे केंद्र चालविले. दहा दिवस मौन पाळून, कोणत्याही देवतेचे नाव न घेता, केवळ श्वासाकडे व देहातील संवेदनांकडे पाहण्याची ती रीत. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी ध्यानाचा उपयोग रुग्णांचा ताण व वेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून सुरू केला. त्यात धर्माचा उल्लेखही ठेवला नाही. आणि २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरविला.

अशा रीतीने जी साधना आमच्याकडून एकटी गेली, ती एकटीच परत आली आहे. ती आता आमच्या मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीत असते. एक कळ दाबली की कानात सूचना ऐकू येते, डोळे मिटावे, श्वास घ्यावा. त्या सूचनेचे कूळ कदाचित गणेशपुरीच्या वा इगतपुरीच्या वाटेवरचेच असेल, परंतु ऐकणाऱ्यास तो पत्ता ठाऊक नसतो.

चौकाचा रोग

आमची मुले चौकातून उठून एकांताकडे का गेली, याचा विचार आम्ही वडीलधाऱ्यांनी प्रांजळपणे केला पाहिजे. केवळ पाश्चात्त्य वारे लागले, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

चौकातील उत्सवास जे रूप काही ठिकाणी आले आहे, त्यात उपासकाला स्थानच उरत नाही. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडकी भरते, शेजारच्या घरातील आजारी माणूस कानांवर हात ठेवून पहाटेची वाट पाहतो. मूर्तीपुढे उभे राहून मनातल्या मनात देवाशी दोन शब्द बोलावेत, तर आपलेच शब्द आपणांस ऐकू येत नाहीत. ज्या देवतेस आम्ही बुद्धीची अधिष्ठात्री म्हणतो, तिच्यापुढे बुद्धी बधिर होईल अशी व्यवस्था आम्हीच करतो.

याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावणारे ठाण्याचेच निघाले, हे नमूद करण्यासारखे आहे. डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या ऑगस्टमध्ये विस्तृत निर्णय दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे त्यात स्पष्ट झाले. रस्ते अडविणाऱ्या मंडपांविषयीही त्यात आदेश होते. त्याआधी २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले होते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, असा तो नियम. वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यास आहे, परंतु ती सवलत होय; तो हक्क नव्हे.

काही भाविकांस असे निर्णय धर्मावरील आघात वाटतात. आम्हांस तसे वाटत नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य सांगताना आरंभी जो शब्द येतो, तो सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा. आचरण आणि प्रसार त्याच्या मागून येतात. शिवाय सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांचे कुंपण त्या साऱ्यास घातलेले आहे. म्हणजे घटनाकारांनीही माणसाच्या अंतरातील दिवा प्रथम सांभाळला आणि मग मिरवणुकीच्या मशालीचा विचार केला.  

कानातील एकांताचा रोग

तेव्हा चौकास कंटाळून जे एकांताकडे गेले, त्यांचे चुकले का? नाही. पण एकांतालाही रोग जडतात, आणि ते गोंगाटाहून सूक्ष्म असल्यामुळे लवकर ध्यानी येत नाहीत.

पहिला रोग असा की, साधना ही सोय होऊन बसते. मन शांत व्हावे कशासाठी, तर उद्याचे काम अधिक व्हावे म्हणून. झोप लागावी कशासाठी, तर परवाच्या बैठकीत डोके चालावे म्हणून. हे फळ वाईट नाही. पण आंब्याच्या झाडाची किंमत त्याच्या सावलीवर करावी, तसा हा हिशेब झाला. ज्या साधनेने ‘मी’ विरघळावा, तीच ‘मी’ला तेलपाणी करून देऊ लागली, तर ती कितीही नियमाने केली तरी वाट उलट्या दिशेची.

दुसरा रोग असा की, एकट्या साधकास टोकणारे कोणी नसते. आमच्या वारकरी संप्रदायात वा कीर्तनपरंपरेत एखाद्याचा पाय घसरू लागला, तर फडावरील वडील माणूस त्यास कान धरून ताळ्यावर आणी. गावात बुवा खोटा निघाला, तर तो चावडीवर उघडा पडे. एकांतात मात्र भोंदूचे फावते. दुःखाने खचलेला, घरच्यांशी न बोलणारा, ‘माझे अध्यात्म माझ्यापुरते’ म्हणणारा माणूस अशांच्या हाती अलगद लागतो. २०१३ मध्ये महाराष्ट्रास जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो काही हौसेने नव्हे. कायदा आपले काम करील, पण ज्या घरात माणसे संध्याकाळी एकत्र बसून आपल्या मनीचे बोलतात, त्या घरात भोंदूला शिरण्यास फट सापडणे कठीण.

तिसरा रोग सर्वांत मोठा. या एकांतात शेजारी नाही. ध्यानाच्या त्या वीस मिनिटांत जगाविषयी करुणा दाटून येते आणि डोळे उघडल्यावर उद्वाहनात भेटलेल्या वृद्धाचे नावही ठाऊक नसते. आगरी समाजाच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण असे. पोथी-पुराण हाती न घेता, केवळ मुखोद्गत गाण्यांनी ती विधी पार पाडी. तिने आपल्या उपासनेस ‘अध्यात्म’ असे भारदस्त नाव कधी दिले नसेल. पण तिच्या गाण्यात साऱ्या आळीचे सुखदुःख असे. आमच्या नव्या साधकाकडे शब्द मोठा आहे. आळी मात्र नाही.

शब्दांची साक्ष

आम्ही संस्कृताचे अभ्यासक असल्यामुळे वाचकांस दोन शब्दांपाशी क्षणभर थांबण्याची विनंती करतो. ‘अध्यात्म’ हा अव्ययीभाव समास. आत्म्याच्या ठिकाणी जे, ते अध्यात्म. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंतांनी अध्यात्माचा अर्थ ‘स्वभाव’ असा सांगितला आहे. तेव्हा अध्यात्म हे मुळातच आपापल्या स्वभावाशी जडलेले असते. एकाने नाम घ्यावे, दुसऱ्याने ध्यान करावे, तिसऱ्याने मूर्तीस फूल वाहावे, हा भेद आमच्या परंपरेने कधी नाकारला नाही. इष्टदेवता ज्याची त्याची, ही सोय आम्ही फार पूर्वी करून ठेविली. म्हणून नव्या पिढीचे ‘व्यक्तिगत अध्यात्म’ हे परके पाखंड आहे, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

परंतु याच शब्दप्रयोगातील ‘व्यक्ती’ हा शब्दही तपासून पाहावा. ‘वि’ उपसर्गासह ‘अञ्ज्’ या धातूपासून तो बनला. त्याचा मूळ अर्थ प्रकट होणे. आज आपण ‘व्यक्ती’ म्हणजे इतरांपासून वेगळा, आपल्यापुरता असलेला माणूस असे समजतो. संस्कृतात मात्र ‘व्यक्ती’ म्हणजे जे आत होते ते बाहेर दिसणे. या अर्थाने पाहिले, तर व्यक्तिगत अध्यात्म म्हणजे लपविलेले अध्यात्म नव्हे; आत जे साधले ते वागण्यात प्रकट झाले, तेव्हाच ते व्यक्तिगत. आणि ज्याने समाज धारण होतो तो ‘धर्म’, हे तर सर्वश्रुतच आहे. आत असते ते अध्यात्म, बाहेर सावरतो तो धर्म, आणि या दोहोंच्या मधला उंबरठा म्हणजे माणसाचे आचरण.

बंद दारे आणि उघडी दारे

या उंबरठ्याचा इतिहास महाराष्ट्राने अश्रूंनी लिहिला आहे. संत चोखोबांना पंढरीच्या देवळाचे दार बंद होते. समाजाने त्यांस बाहेर उभे केले, तेव्हा त्यांच्याजवळ उरले ते केवळ अंतरातील विठ्ठलाचे रूप. जनाबाईंना दळणकांडणातून उसंत नव्हती. त्यांनी जात्यापाशीच देव बोलाविला. ज्यांना चौकात जागा नव्हती आणि देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी व्यक्तिगत साधना ही आवड नव्हती, तो त्यांचा श्वास होता. आज जे एकांतातील अध्यात्मास ‘चैन’ म्हणून हिणवितात, त्यांनी एवढे स्मरण ठेवावे.

पण चोखोबांची भक्ती थोर म्हणून देवळाचे दार बंद राहावे, असे म्हणणारा समाज मात्र अधार्मिक ठरतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो या अधर्माविरुद्ध. वर्षानुवर्षे चालूनही ते दार त्या सत्याग्रहास उघडले नाही, ही आम्हां सनातन म्हणविणाऱ्यांची लाज होय. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण आरंभिले. दहा दिवस चाललेल्या त्या उपवासानंतर विठ्ठलमंदिर सर्वांस खुले करण्याचा निर्णय झाला.

उपवास ही सर्वांत व्यक्तिगत साधना. पोट माझे, भूक माझी, व्रत माझे. पण गुरुजींच्या उपवासाने ज्यांची भूक भागली, ती माणसे त्यांच्या नात्यागोत्याची नव्हती. एकट्याने केलेले तप दुसऱ्यासाठी दार उघडते, तेव्हा ते पूर्णत्वास जाते. व्यक्तिगत अध्यात्माच्या खरेखोटेपणाची याहून सोपी कसोटी आम्हांस ठाऊक नाही. आपल्या साधनेने कोणाचे दार उघडले, एवढे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

२०२० : जेव्हा कोणीच सोबत नव्हते

ही चर्चा पुस्तकी वाटत असेल, तर वाचकांनी फार मागे जाऊ नये. २०२० साल आठवावे. मार्चपासून देवळे बंद झाली. आषाढी एकादशीस संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीने पंढरीस गेल्या आणि वारकऱ्यांनी आपापल्या अंगणात उभे राहून नमस्कार केला. गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्तीस चार फुटांची आणि घरच्या मूर्तीस दोन फुटांची मर्यादा आली. लालबागच्या प्रख्यात मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसविता रक्तदान व प्लाझ्मादान घडवून आणले.

त्याच वर्षी बाळकुमजवळ साकेत भागात ठाणे महापालिकेचे सुमारे हजार खाटांचे करोना रुग्णालय उभे राहिले. ज्या वाटेने एरवी गणपतीच्या मिरवणुका खाडीकडे जात, त्याच परिसरात रुग्णवाहिकांचा आवाज रात्रंदिवस चालू होता. आत गेलेल्या माणसास भेटण्याची सोय नव्हती. मुलगा फाटकाबाहेर, आई आत. अशा खाटेवर पडलेल्या माणसाजवळ कोणता देव होता? चौकातील मंडप नव्हता, घरचा देव्हाराही नव्हता. तुळशीचे पान तोंडात घालण्यास आपले कोणी जवळ नव्हते. तेथे जो होता तो केवळ अंतरातला. आयुष्यभर ज्याने मनातल्या मनात नाम घेण्याची सवय लाविली होती, त्याची ती शिदोरी त्या रात्री कामास आली. ज्याने देवास केवळ ढोल-ताशांच्या गजरातच पाहिले होते, त्यास त्या शांततेत देव ओळखता येणे कठीण गेले असावे. माणसाचा शेवटचा प्रवास एकट्याचाच आहे, हे आम्ही कीर्तनातून नित्य सांगत आलो. त्या वर्षाने ते सिद्ध करून दाखविले.

मात्र त्याच खाटेपाशी दुसरेही एक सत्य उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, चेहराही न दिसणारी एक परिचारिका तेथे येई, पाण्याचा पेला ओठांस लावी आणि आपल्या भ्रमणध्वनीवर मुलाचा आवाज आईस ऐकवी. तिचा धर्म कोणता, ती कोणते ध्यान करते, हे कोणी विचारले नाही. रुग्णाच्या अंतरातील नाम आणि तिच्या हातातील पेला, या दोहोंनी मिळून त्या रात्री उपासना पूर्ण केली.

पूजाविधी काय सांगतो

आता भाद्रपद चतुर्थीच्या पार्थिव गणेशपूजेकडे वळू. कारण आमच्या मते या पेचाचे उत्तर त्या विधीतच आहे. आम्ही ते घाईघाईने उरकतो म्हणून ऐकू येत नाही.

पूजेच्या आरंभी यजमान संकल्प सोडतो. त्यात तो आपले नाव व गोत्र सांगतो. याहून व्यक्तिगत ते काय? पण त्याआधी तो देश आणि काळ सांगतो: भारतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, संवत्सर, मास, तिथी, वार. अफाट विश्वात आपण नेमके कोठे उभे आहोत, याची ती जाणीव. आणि त्यानंतर तो जे मागतो ते कुटुंबासह, परिवारासह मागतो. एकट्यापुरता संकल्प सोडण्याची रीत गृहस्थास शिकविलेलीच नाही.

मग मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते. पूजक मूर्तीच्या हृदयास स्पर्श करतो. आपल्या हृदयातील चैतन्याचे आवाहन करून ते मातीत पाहावयाचे, असा त्याचा भाव. देव आधी आत असतो, मग पाटावर येतो. दीड, पाच, सात वा दहा दिवस तो सर्वांचा होतो; शेजारी येतात, आरती होते, प्रसाद वाटला जातो. शेवटी उत्तरपूजा करून मूर्तीचे विसर्जन होते. ठाण्यात तलाव निर्मळ राहावेत म्हणून कृत्रिम तलावांची रीत रुळली आहे, बाळकुमलाही रेवाळे येथे अशी सोय केली जाते. मूर्ती पाण्यात जाते, आणि रिकाम्या पाटावर चिमूटभर माती वा वाळू घेऊन आपण घरी परततो. देव जेथून आला होता, तेथे म्हणजे पूजकाच्या अंतरात, परत गेलेला असतो.

अंतरातून देव्हाऱ्यात, देव्हाऱ्यातून समाजात, आणि समाजातून पुन्हा अंतरात, असा हा फेरा आहे. नातू पहिल्या पायरीवर थांबला, चौक मधल्या पायरीवर अडकला. फेरा कोणाचाच पुरा झाला नाही.

घराने काय करावे

राज्याने उत्सवास दर्जा दिला, त्याचे स्वागत असो. पण राज्य मंडपास अनुदान देऊ शकते, अंतःकरणास देऊ शकत नाही. न्यायालय आवाज कमी करू शकते, शांती निर्माण करू शकत नाही. जे काम राज्याचे नव्हे आणि मंडळाचेही नव्हे, ते घराचे होय. म्हणून आमचे सांगणे या पानाच्या वाचक कुटुंबांस आहे.

उत्सवाच्या दिवसांत आरतीपूर्वी घरातील सर्वांनी थोडा वेळ मौन बसावे. ज्यास नाम घ्यावयाचे त्याने नाम घ्यावे, ज्यास श्वासाकडे पाहावयाचे त्याने श्वासाकडे पाहावे. नातवाचे ध्यान आणि आजीचा जप एका सतरंजीवर बसू शकतात. दोघांत भांडण लावणारे आपणच असतो. आरती टाळ आणि टाळ्यांवर म्हणावी. ती शेजारच्या भिंतीपर्यंत पोहोचली तरी देवापर्यंत पोहोचते, त्यासाठी यंत्र लागत नाही. मुलांनी ‘हे कशासाठी?’ असे विचारले तर त्यास उद्धटपणा समजू नये. प्रश्न विचारूनच नचिकेता यमाच्या दारी ज्ञानास पात्र झाला, हे कठोपनिषद सांगते. आणि प्रसादाची एक वाटी अशा घरी जावी, जेथे आपण वर्षभरात एकदाही गेलो नाही. मग ते घर चौदाव्या मजल्यावरचे असो वा गावठाणातील, आपल्या धर्माचे असो वा अन्य.

जे चौक सांभाळतात त्या कार्यकर्त्यांसही आमची प्रार्थना आहे. मंडपात एक कोपरा असा राखावा, जेथे दिव्याखेरीज काही नसेल आणि कोणी कोणास ढकलणार नाही. दर्शनास आलेला माणूस तेथे घटकाभर निवांत बसू शकला, तर मंडळाने मोठे पुण्य जोडले. टिळकांनी देवास चौकात आणले, ते चौकात माणसे जोडली जावीत म्हणून; माणूस त्या गर्दीत हरवावा, असा त्यांचा हेतू खचितच नव्हता.

परंपरा सांगते की, तुकोबा एकांतासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जात आणि कीर्तनासाठी पुन्हा देहूस उतरत. डोंगर सुटला नाही आणि गावही सुटले नाही. आजच्या माणसाचा डोंगर चौदाव्या मजल्यावर असेल, कानात असेल, पहाटेच्या वीस मिनिटांत असेल. त्यावर त्याने अवश्य चढावे. फक्त खाली उतरण्याची वाट रोजच्या वहिवाटीतील ठेवावी, तीवर गवत माजू देऊ नये.

विघ्नहर्ता ही सुबुद्धी आम्हां सर्वांस देवो. मंगलमूर्ती मोरया!